रिओहातली द्वादशी

१९ सप्टेंबर, परभणी

विमानाचं तिकीट प्राचीनं स्वतःच्या पगारातून काढून पाठवलं आहे. नेमकं पितृपंधरवड्यातलं. आई म्हणाली, "पितरांच्या दिवसांत माणूस गावाची शीव ओलांडत न्हाई, हा समुद्र ओलांडायलाय." प्राचीचं म्हणणं असं, की स्पेनमध्ये द्राक्षांची तोडणी याच दिवसांत असते, आणि बाबांनी ती बघितलीच पाहिजे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बघायला हवी हे मला पटलं. पटलं, की पटवून घेतलं, हे सांगता येत नाही.

जाण्याचं खरं कारण वेगळं आहे. सेलूचं स्थळ आलं आहे. मुलगा योगीराज, पुण्याला नोकरी. त्याची आत्या कमलबाई दोनदा येऊन गेल्या. त्यांना घटस्थापनेपर्यंत उत्तर हवं आहे. प्राची जिथं काम करते तिथले लोक तिला कायमची नोकरी देणार आहेत. ती एकदा घेतली की पोरगी गेली, असं आईचं मत. मी जाऊन तिला विचारायचं, होकार घ्यायचा आणि दिवाळीच्या आत तिला घरी आणायचं, असं ठरलं आहे.

प्राचीच्या आईचं, मधुवंतीचं, मत मला नीट कळलेलं नाही. तिला पतसंस्थेत सुट्टी मिळाली नाही. अर्ज कधी केला होता, विचारलं तर म्हणाली, "अहो, माझं सोडा. तुमी स्वेटर घेतला का?"

शेजारी आई सांगते, की नात द्राक्षासवाच्या कारखान्यात आहे. प्राची वाइन बनवते. आईचं सांगणं खोटं होतं का, यावर विचार केला. आसवातही मद्यार्क असतोच. पूर्ण खोटं म्हणता येणार नाही.

२२ सप्टेंबर

पोखर्णीला जाऊन नृसिंहाचं दर्शन घेतलं. काय मागावं हे ठरलं नव्हतं, म्हणून नुसता नमस्कार केला.

वडिलांची, अण्णांची, तिथी द्वादशीला येते आणि तेव्हा मी तिकडं असणार. आई म्हणाली, "तिथंच घास ठेव. कावळा सगळीकडं असतो." त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी एकुलता एक, त्यामुळे दुसरं कोण ठेवणार हाही प्रश्नच होता.

२५ सप्टेंबर, रिओहा, स्पेन

पोचलो. प्राची विमानतळावर मालवाहू गाडी घेऊन आली होती आणि ती स्वतःच चालवत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे-काळे. मी म्हटलं, "अगं, धुवायचे तरी." म्हणाली, "बाबा, हे नोव्हेंबरपर्यंत जात न्हाई."

गाव लहान आहे. वाइनरी पिलार नावाच्या बाईंची, वय सत्तरीच्या आसपास. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या बोलतात, प्राची मराठीत सांगते.

दुपारी जेवायला लांबट लाल मिरच्या होत्या. द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर भाजून, साल काढून, लसूण आणि तेल घातलेल्या. तिखट अजिबात नाहीत. आपल्याकडं भरताचं वांगं भाजताना जो वास येतो, तसाच वास. पावाबरोबर खाल्ल्या. पुन्हा घेतल्या. मी नेलेले धपाटे आणि ठेचा टेबलावर ठेवले. पिलारबाईंनी ठेचा चमच्यानं खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं, थोडं थांबून पुन्हा घेतला. या बाईंविषयी माझं मत चांगलं झालं. एवढ्यावरून मत बनवणं योग्य नाही, पण झालं.

वाइन पिणार नाही, असं ठरवून आलो होतो. संध्याकाळी तळघरात नेलं. पिंपांतून थोडी थोडी पेल्यात ओतायची, वास घ्यायचा, तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची, अशी तिथली पद्धत. सगळे थुंकत होते, पिलारबाईसुद्धा. माझ्या हातात पेला आला. घरधनिणीनं हातावर दिलेलं तिच्याच समोर थुंकणं मला जमेना. गिळलं. आणि सवयीनं उजवा हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला.

हे तीर्थ घेतल्यावर करतात. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. पिलारबाईंनी काय म्हणून विचारलं. प्राचीनं काहीतरी सांगितलं. मग त्यांनी पेल्यातली वाइन गिळली आणि हात डोक्यावरून फिरवला. मागच्या दोन कामगारांनीही फिरवला. मला फार संकोच झाला. हे तीर्थाचं आहे, हे सांगायला हवं. पण मग हे तीर्थ नाही, हेही सांगावं लागेल. त्यांच्याच तळघरात उभं राहून ते कसं सांगायचं?

चव: आधी जांभळासारखी तुरट, मग नव्या चपलेसारखी. मी चप्पल खाल्लेली नाही. पण चव तशी होती आणि वाईट नव्हती.

२६ सप्टेंबर

आज विचारणार होतो. सकाळी लक्षात आलं, की पितृपक्षात लग्नाचा विषय काढत नाहीत. परतीचं विमान एक तारखेला आणि पितृपक्ष संपतो दोन तारखेला. म्हणजे विचारायला योग्य असा दिवस एकही नाही. तिकीट काढताना ही अडचण प्राचीच्या ध्यानात आली नसणार. हल्लीच्या मुलांना पंचांग कुठं माहीत असतं.

मधुवंतीचा फोन आला.

"विचारलं का तिला?"

"न्हाई. पितृपक्ष हाय."

"अगबाई, खरंच की," ती म्हणाली.  "मग आता?"

"बघतो."

"सावकाश बघा. काय खाल्लं?"

मिरच्यांचं सांगितलं. वाइनचं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. न विचारलेलं न सांगणं हे लपवणं होतं का?

२७ सप्टेंबर

प्राचीला काम करताना पाहिलं. ती शिडीवरून मोठ्या टाकीवर चढते, झाकण उघडते, कान लावून आतलं आंबणं ऐकते आणि खाली बघून दोन शब्द बोलते. मग खालचे चार पुरुष कामाला लागतात. परभणीत तिला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नव्हती.

इथं कुणी मुलगा आहे का, याची शंका मला घरून निघतानाच होती. आज नीट लक्ष ठेवलं. ट्रॅक्टरवाला इन्याकी तिच्याशी फार हसून बोलतो, म्हणून चौकशी केली. त्याला बायको आहे, दोन मुलं आहेत, आणि तो सगळ्यांशीच हसून बोलतो. दुसरं कुणी दिसलं नाही. मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलाला नको म्हणता येतं. टाकीला काय म्हणायचं?

रात्री पांढऱ्या ताज्या दाण्यांची पातळ भाजी होती. दाणे भुईमुगाचे नव्हेत, घेवड्यासारख्या शेंगेतले, वालासारखे पण मऊ. माझ्यासाठी मटण न घालता वेगळी केली होती. वर बकरीच्या दुधाचं चीज आणि मध. मी वाइन मागितली नाही. ओतली, ती घेतली. दुसऱ्यांदा पेला मी स्वतः पुढं केला, हे इथं लिहून ठेवतो.

जेवताना पिलारबाई माझ्याकडं बघून बराच वेळ बोलल्या. प्राचीचं नाव तीनदा आलं. एकदा त्यांनी तळघराकडं हात केला, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडं, आणि शेवटी माझा हात हातात घेतला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

प्राची ताटाकडं बघत म्हणाली, "यंदा पाऊस बरा झाला म्हणतात."

मी म्हटलं, आमच्याकडंही बरा झाला. तिनं ते सांगितलं. पिलारबाईंचा चेहरा जरा गोंधळलेला वाटला. इथल्या शेतकऱ्यांना दुसरीकडच्या पावसाचं फारसं कौतुक नसावं.

२८ सप्टेंबर, एकादशी

प्राचीनं जवळच्या शहरात नेलं. एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं. प्रत्येक दुकान एकच पदार्थ करतं, आणि माणसं उभ्यानं खाऊन, घोटभर पिऊन पुढच्या दुकानात जातात. आज माझी एकादशी. मोठी कसोटी.

बटाटे खाल्ले, चालतात. एका दुकानात नुसत्या मशरूमच्या टोप्या, तव्यावर लसणात परतलेल्या, काडीला टोचून, वर एक कोळंबी. मशरूम ही बुरशी. उपवासाला बुरशी चालते का, याबद्दल घरी कधी कुणी काही बोललेलं नाही. मनाई नाही म्हणजे चालतं, असा सोयीचा अर्थ काढायचा मोह झाला, म्हणून खाल्लं नाही. वरची कोळंबी काढायचा प्रश्नच आला नाही.

वाइनचा विचार असा: द्राक्ष चालतं. पण ते आंबवणारं यीस्ट, तेही बुरशीच. मशरूम नाकारून वाइन घेणं हे तर्काला धरून होणार नाही. पाणी प्यायलो.

"बाबा, तुमी लय विचार करता," प्राची म्हणाली.

"करावा लागतो."

"मी पण करते. आजीला वाटतं मी करत न्हाई."

आजीचं नाव तिनंच काढलं होतं. विषय तिथून सेलूला नेता आला असता. पण पितृपक्ष, शिवाय एकादशी. मी बटाट्यांना मीठ कमी आहे म्हणालो. ते खरं होतं.

२९ सप्टेंबर, द्वादशी

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

प्राचीनं पहाटे उठून भात, वरण, खीर आणि उडदाचे वडे केले. आईनं फोनवरून सांगितलं तसंच. पिलारबाई बघत बसल्या होत्या. हे कशासाठी, ते कळल्यावर आत गेल्या आणि पावाचा एक तुकडा घेऊन आल्या. लाल वाइनमध्ये बुडवलेला, वर साखर. त्यांच्या वडिलांना दुपारी हेच लागायचं. तोही पानावर ठेवा, म्हणाल्या.

मी अडचणीत आलो. ठेवावा तर अण्णांना दारू वाढल्यासारखं होतं. ते आयुष्यभर चहासुद्धा अर्धा कप प्यायचे. न ठेवावा तर या बाईंच्या वडिलांना पानावरून उठवल्यासारखं होतं. ताटाच्या अगदी कडेला ठेवला.

मळ्याच्या दगडी बांधावर ताट ठेवून मी "काव काव" म्हणून हाक मारली. तोडणीवाले थांबून बघायला लागले. पक्षी भरपूर होते. पण इथं द्राक्षं पक्ष्यांपासून राखायला गॅसवर चालणारी एक तोफ लावलेली आहे. थोड्या थोड्या वेळानं ती आपोआप धडाडते आणि पक्षी उठून लांब जातात. त्यातल्या त्यात शांत जागा मी निवडली होती. प्राची मागं, तोफेच्या सिलिंडरपाशी उभी होती. तिथं जरा सावली होती.

बराच वेळ काही आलं नाही. घास शिवला जात नाही तेव्हा गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं आमच्याकडं धरतात, आणि घरच्यानं ती पुरी करीन असं बोलायचं असतं. माझा यावर विश्वास आहे का, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं पुढं ढकलला आहे. आज ढकलणं शक्य नव्हतं. कारण पाहुण्याचे वडील जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, असं पिलारबाईंनी जाहीर केलं होतं, आणि तोडणीवाले सकाळपासून उपाशी होते.

मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, प्राचीला घरी घेऊन येतो."

तोफ उडाली.

"दिवाळीच्या आत आणतो."

तोफ उडाली.

"सेलूचं स्थळ हाय. चांगली माणसं हायत. जमवतो."

एवढ्या लागोपाठ ती आधी कधी उडाली नव्हती. पक्षी पार टेकडीपलीकडं गेले. इन्याकीनं घड्याळाकडं बघितलं. मला घाम आला. काय राहिलं असेल अण्णांचं? देवळाला द्यायचं काही राहिलं का? आईविषयी काही? सगळं बोलून पाहिलं. शेवटी सुचेना, तेव्हा मी हात सोडले आणि साधंच विचारलं, "काय पायजे मग तुमाला, अण्णा? ऱ्हाऊ द्यायचं का तिला इथंच?"

तोफ उडाली नाही. मी वाट पाहिली. नाहीच उडाली. गॅस संपला असावा.

मग एक पक्षी बांधावर उतरला. चालत आला. भाताकडं बघितलं, वड्याला चोच लावली, वाइनमधला पाव उचलला आणि वेलींवरून घेऊन गेला.

पिलारबाईंनी छातीवर क्रॉसाची खूण केली आणि मग हात डोक्यावरूनही फिरवला. तोडणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राची रडत होती. ऊन फार होतं.

सगळे मळ्यातच जेवायला बसले. खीर तोडणीवाल्यांना फार आवडली. मी दोन पेले घेतले आणि त्याबद्दल काही विचार केला नाही.

आता रात्री दोन शंका आहेत. एक, तो पक्षी कावळा नव्हता. काळा, पोट पांढरं, शेपूट लांब. मॅगपाय. पण कावळ्याच्याच कुळातला, हे मी दर वर्षी बारावीला शिकवतो. दुसरी शंका मोठी. मी वचन दिलं नव्हतं, प्रश्न विचारला होता. पण शिवलं ते त्या प्रश्नावर. आधीच्या वचनांवर नाही. ते मोडणं माझ्या हातात आहे असं वाटत नाही.

जेवणानंतर तोफ पुन्हा सुरू झाली. कुणीतरी सिलिंडर बदललं असणार.

आईचा फोन आला होता. "शिवला का?"

"शिवला."

"लगेच?"

"न्हाई."

"मग काय म्हणलास?"

घरी येऊन सांगतो म्हटलं.

३० सप्टेंबर

शेवटचा दिवस. प्राचीला मी काही विचारलं नाही. तिनंही काही विचारलं नाही. दोघांनी मिळून भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या भरल्या. मध्येच ती म्हणाली, "बाबा, नोकरीच्या कागदावर सही शुक्रवारी करू म्हणतेय." मी म्हटलं, "कर." एवढंच. मला वाटलं होतं, हा शब्द निघायला जास्त त्रास होईल.

मला इथं मजा आली का? आली. याच्यापुढं लिहिण्यासारखं काही सुचलं नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना, परभणी

सकाळी गाडीतून उतरून घरी आलो, तर कमलबाई नारळ घेऊन आधीच बसलेल्या. आईनं घट बसवून नुकताच दिवा लावला होता. अंघोळ करून येतो म्हटलं, तर आई म्हणाली, "आधी सांग. त्यांना पण घरी जायचंय."

मी सांगितलं. काही गाळलं नाही. कोणत्या वाक्याला काय झालं, ते क्रमानं सांगितलं. तोफेचंही सांगितलं. आई डोळे मिटून ऐकत होती.

कमलबाई म्हणाल्या, "विवेकराव, रागावू नका. पण तो तिथला पक्षी. त्याला मराठी कळतं का?"

"पक्ष्याला न्हाई कळत," आई म्हणाली. "ह्यांना कळतं."

"बरं, कावळाच होता का पण?"

इथं मी होय म्हणालो असतो तर विषय संपला असता. म्हटलं, "कावळ्याच्या कुळातला. मॅगपाय म्हणतात."

"म्हंजे कावळा न्हाई."

"रंग कसा?" आईनं विचारलं.

"काळा. पोट पांढरं."

आईनं घटापुढच्या दिव्याची वात वर केली. मग म्हणाली, "काळा कोट अन् खाली पांढरं धोतर. शाळेत तसेच जायचे." आणि कमलबाईंकडं वळली. "बाई, तुमचा पोरगा लाखात एक हाय. आमच्यातलं कुणीबी न्हाई म्हणलं न्हाई. पण आमच्या घरचे मालकच न्हाई म्हणले. आता मी काय करू?"

 मेलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा, हे कमलबाईंनाही सुचलं नसावं. "वडीलधाऱ्यांच्या पुढं कोण जाणार," म्हणून त्यांनी चहा संपवला. नारळ घटापुढं ठेवला. दाराशी जाऊन मला हळूच विचारलं, "तुमच्या कॉलेजात हाय का एखादी चांगली?"

कपबश्या न्यायला मधुवंती बाहेर आली. डोळे लाल, चेहरा हसरा. काय झालं विचारलं तर म्हणाली, "कांदा चिरायले." आमच्या घरात घटस्थापनेपासून कांदा बंद असतो. प्रवासाचा शीण होता, मी पुढं विचारलं नाही.

सगळे गेल्यावर आईनं मला जवळ बसवलं.

"आता खरं सांग. त्यांनी काय खाल्लं?"

मी सांगितलं, की भाताला तोंड लावलं नाही. वड्याला लावलं आणि सोडला. वाइनमध्ये बुडवलेला पाव होता, तो नेला.

"किती नेला?"

"सगळा."

 मला वाटलं, आई आता रडेल किंवा ओरडेल. मी माफीची तयारी केली, आणि माफी नक्की कशाची मागायची हेही ठरवायला लागलो.

"साखर होती का वर?" तिनं विचारलं.

"होती."

"मग ठीक हाय." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "तिला म्हणावं, पुढच्या साली तिथीला तोच ठेव. साखर जरा जास्त घाल."

मी प्राचीला फोन लावला. नातीनं घास ठेवला तर चालतो का, हा प्रश्न आईला पडलेला दिसला नाही. मला पडला. कुणालाच विचारला नाही.